लग्न रत्नागिरीत, मुलं मागच्या सीटवर

लग्नपत्रिका हातात आली की आपली नजर आधी मुहूर्तावर जाते. घरात लहान मूल असेल आणि लग्न गाडीने सात-आठ तासांवर असेल, तर मुहूर्ताशेजारी आणखी एक वेळ लिहून ठेवा: तुमचं मूल रोज दुपारी किती वाजता झोपतं ती. प्रवासाची सगळी आखणी या दोन वेळा सांभाळून करायची आहे, आणि जिथे दोन्ही जुळणार नाहीत तिथे मुलाच्या वेळेला झुकतं माप द्यायचं आहे. सीमांतपूजन चुकलं तर चुकू द्या. न झोपलेलं, उलट्यांनी गळून गेलेलं मूल खांद्यावर टाकून मांडवात उभ्या राहिलेल्या आईबापांना त्या लग्नातलं काहीच मिळत नाही, मुलाला तर नाहीच.

लिहिताना डोळ्यांपुढे मुंबई-ठाणे ते रत्नागिरी हा रस्ता आहे. मे महिन्यात शाळांना सुटी असते, आंब्याफणसाचे दिवस असतात, पुढे पाऊस आणि चातुर्मास लागणार असतो, म्हणून कोकणातली बरीच लग्नं याच महिन्यात उरकतात. चाकरमान्यांच्या गाड्या, वऱ्हाडाच्या बस आणि पर्यटक असे सगळे एकाच महामार्गावर येतात. कऱ्हाडला किंवा कोल्हापूरला निघालेल्यांनाही यातलं बहुतेक उपयोगी पडेल.

निघायचं कधी

“रात्री निघू, मुलं झोपतील, रस्ता मोकळा मिळेल.” हा बेत घरोघरी होतो, आणि माझा त्याला ठाम विरोध आहे. मुलं झोपतात हे खरं, पण गाडी चालवणाऱ्याचं शरीरही त्या वेळी झोपच मागत असतं. मध्यरात्रीनंतर दोन ते पहाटे पाच ही माणसाची सगळ्यात सुस्त वेळ. दिवसभर ऑफिस, संध्याकाळी बॅगा भरणं आणि मग स्टीअरिंग, अशा माणसाला दोन-तीन सेकंदांची डुलकी लागली, तरी ताशी ८० च्या वेगाने गाडी तेवढ्यात पन्नास-साठ मीटर पुढे गेलेली असते. त्यात हा रस्ता. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण २०११ पासून चालू आहे. बरंच अंतर आता छान चौपदरी झालं आहे, कशेडी घाटाला बोगद्याचा पर्याय मिळाला आहे. पण चांगला रस्ता अचानक संपून मातीचा वळणरस्ता सुरू होण्याच्या जागाही आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत, आणि अंधारात त्या फार उशिरा दिसतात.

त्यापेक्षा पहाटे साडेचार-पाचला निघा. झोपेतलं मूल उचलून तसंच सीटवर बसवता येतं, गार हवेत ते आणखी दीड-दोन तास झोपतं, आणि पेण-वडखळच्या पुढे जाईपर्यंत लख्ख उजाडलेलं असतं. मात्र यासाठी चालवणाऱ्याने आदल्या रात्री नऊला अंथरुणावर पडलं पाहिजे. बॅगा दुसऱ्यांनी भरायच्या, आणि ही कामाची वाटणी आठवडाभर आधी बोलून ठेवायची. घरात गाडी चालवणारी दोन माणसं असतील तर दोघांनी निम्मी-निम्मी चालवा. एकच असेल आणि तिच्यावरच मुलाचंही करायची वेळ येणार असेल, तर एखादा भाचा-पुतण्या सोबत घ्या किंवा सरळ ड्रायव्हर करा.

वारही बघा. मेमधल्या शुक्रवारी रात्री आणि शनिवारी सकाळी इंदापूर-माणगावच्या भागात गाड्यांची रांग लागते, आणि त्या रांगेत उन्हात तासभर अडकलेलं दोन वर्षांचं मूल कुठल्याच खाऊने शांत होत नाही. गुरुवारी रजा टाकता आली तर ती सगळ्यात चांगली खर्ची पडलेली रजा समजा. मोबाइलवरचा नकाशा जी वेळ दाखवतो तिच्यात दर दोन तासांमागे अर्धा तास मिळवा. मुलं असलेली गाडी खरोखर तितकाच वेळ घेते. दोन तासांवर थांबणं हा लाड नव्हे. तान्ह्या बाळाला तर बालसीटवर त्याहून जास्त वेळ सलग ठेवूच नये, कारण अर्धवट बसलेल्या अवस्थेत त्याची मान पुढे झुकते आणि श्वासाला अडथळा येऊ शकतो.

साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर एका दमात कापायचा हट्टही सोडा. अकरा-साडेअकरापर्यंत चिपळूण गाठायचं आणि तिथे दुपारपुरती एक खोली घ्यायची. आंघोळ, वरणभात, आणि मग पंख्याखाली आडवं होऊन खरीखुरी झोप, मुलाची आणि चालवणाऱ्याचीही. साडेतीन-चारला निघालं की उरलेला संगमेश्वर-हातखंब्याचा नव्वदेक किलोमीटरचा पट्टा उजेडात पार होतो. खोलीचे पैसे अनाठायी वाटतात, पण दुपारी दोन ते चार हीदेखील डुलकीची वेळ असते आणि मेमधलं कोकणातलं ऊन त्याच वेळी सगळ्यात चढलेलं असतं.

हे सगळं मुहूर्ताच्या आदल्या दिवशी. लग्नाच्या दिवशीच सकाळी पोचायचा बेत करू नका. साडेबाराचा मुहूर्त गाठायचा म्हणून पोलादपूरच्या पुढे गाडी पळवू लागलेल्या माणसाला कोणी हळू चालव म्हणूनही सांगू शकत नाही.

मांडी ही सुरक्षित जागा नाही

आपल्याकडे मूल मांडीवर घेऊन बसणं ही माया मानली जाते, आणि माया ती आहेच. पण ताशी ५० च्या वेगाने चाललेली गाडी कशावर आदळून अर्ध्या मीटरच्या आत थांबली, तर १० किलोच्या मुलाचा पुढे जाणारा जोर त्या क्षणी दोनशे किलोंच्या घरात जातो. कुठल्याही आईच्या, कुठल्याही मामाच्या हातांना तो पेलत नाही. पुढच्या सीटवर मांडीवर घेतलेलं मूल तर मोठ्या माणसाच्या आणि उघडणाऱ्या एअरबॅगच्या मध्ये सापडतं.

कायद्यातही हे आलं आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब नुसार चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालसीट न लावता नेलं तर १,००० रुपये दंड आहे. दंडाची भीती बाजूला ठेवली तरी २०२२ च्या सप्टेंबरात पालघर जिल्ह्यातल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, तेव्हा मागच्या सीटवरच्या पट्ट्याची चर्चा घराघरांत झाली होती. मुलांच्या बाबतीत ती चर्चा पुन्हा करायला हवी.

दोन वर्षांपर्यंतच्या मुलाची सीट मागच्या बाकावर, मुलाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला येईल अशी लावायची. सीटवर लिहिलेल्या वजन-उंचीत मूल बसत असेल तर त्यानंतरही तशीच ठेवावी. त्यानंतर पुढे तोंड करून बसायची पट्ट्यांची सीट, आणि मग उंची साधारण १४५ सेंटीमीटर होईपर्यंत बूस्टर, म्हणजे मुलाला उंच करून गाडीचा पट्टा खांद्यावरून आणि मांडीवरून नीट नेणारी बैठक. पट्टा मानेला किंवा पोटावर येत असेल तर मूल अजून त्या पट्ट्याएवढं झालेलं नाही. बालसीटचा पट्टा आवळल्यावर खांद्यापाशी तुमचं एक बोट जेमतेम शिरावं. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत आयसोफिक्सचे आकडे असतात. बाकाच्या पाठीच्या आणि बैठकीच्या फटीत हात घालून बघा, अनेकांना आपल्या गाडीत ते आहेत हे ठाऊकच नसतं.

सीट प्रवासाच्या आदल्या दिवशी आणू नका. पंधरा दिवस आधी बसवा, मुलाला बाजारात, आजीकडे, बागेत तिच्यातूनच न्या. नव्या सीटवर पहिल्याच दिवशी आठ तास बसायला लावलं तर मूल रडणार, आणि ते रडणं ऐकून गाडीतलं कोणीतरी कोलाडपाशी पट्टा सोडणार.

ते कोणीतरी बहुतेक वेळा प्रेमळ वडीलधारंच असतं. म्हणून हे बोलणं गाडीत बसल्यावर नको, आठवडाभर आधी फोनवर करा. “आत्या, गाडी चालू असेल तेवढा वेळ ती तिच्या सीटवरच बसेल. थांबलो की तुमच्याच मांडीवर देणार.” एवढं पुरतं. “आमच्या वेळी कुठे होत्या सीटा” असं उत्तर आलं, तर तेव्हा गाड्याही एवढ्या वेगाने धावत नव्हत्या हे नम्रपणे सांगायला हरकत नाही. अंगावर पाजायचं असेल तेव्हाही गाडी थांबलेलीच हवी. अनेक एसटी स्थानकांत त्यासाठी हिरकणी कक्ष आहेत. गाडी स्वतःची असली म्हणून स्थानकात जायला कमीपणा वाटून घेऊ नका. महाडहून ज्या रायगडाकडे रस्ता फुटतो, त्याच गडाच्या हिरकणीचं नाव या खोल्यांना दिलेलं आहे.

माणसांइतकंच सामानाचंही बघायला हवं. लग्नाला निघालेल्या गाडीत रुखवताची भांडी, आहेराचे डबे, समईचा खोका असं बरंच जड सामान असतं. मागच्या काचेखालच्या फळीवर काही ठेवू नका. जोरात ब्रेक लागला की ते मुलांच्या डोक्यावरच येतं. जड वस्तू डिकीत, तळाशी, बाकाच्या पाठीला टेकवून ठेवा. सात माणसांच्या गाडीत नऊजण कोंबण्यापेक्षा दोघांनी रेल्वेने किंवा एसटीने यावं, वाईट वाटलं तरी.

गाडी लागते तेव्हा

दोन ते बारा या वयात गाडी लागण्याचा त्रास सगळ्यात जास्त होतो. दोनखालच्या बाळांना सहसा होत नाही. कारण साधं आहे. कानाच्या आतलं तोल सांभाळणारं इंद्रिय मेंदूला सांगत असतं की आपण हलतो, वळतो आहोत. डोळे मात्र समोरच्या सीटची पाठ किंवा मोबाइलचा पडदा बघत असतात, त्यांना काहीच हलताना दिसत नाही. या दोन निरोपांचा मेळ बसत नाही आणि मळमळ सुरू होते. म्हणून पहिला उपाय औषधाचा नाहीच. मुलाला समोरचा रस्ता आणि लांबचे डोंगर दिसतील असं बसवा. बूस्टरने तेही साधतं. परशुराम घाटात, कुंभार्ली किंवा आंबा घाटातून येत असाल तर तिथे, मोबाइल आणि चित्रांची पुस्तकं बंद. सात आसनी गाडीत सगळ्यात मागचा बाक मुलांना देऊ नका, तिथे हिंदकळणं जास्त असतं आणि बाहेरचं दिसतं कमी. गाडीत टांगलेली सुगंधाची बाटली निघण्याच्या दोन दिवस आधी काढून टाका. वळणांवर गाडी संथ, ब्रेक हलका. चालवणाऱ्याच्या पायावर मुलाचं पोट अवलंबून असतं, हे त्याला सांगावं लागतं.

निघण्यापूर्वी पोट रिकामंही नको आणि तुडुंब दुधाने भरलेलंही नको. अर्धी पोळी, एखादं केळं, दोन बिस्किटं बरी. घाटाच्या आधी तासभर जड काही देऊ नका. मोठ्या मुलांना आलेपाकाची वडी किंवा लिंबू चोखायला दिलं तर बरं वाटतं. एक वर्षाखालच्या बाळाला मात्र आलं-मध असलं काही चाटवू नका. मध या वयात धोक्याचाच.

औषध द्यायचं तर बालरोगतज्ज्ञाला आधी विचारून, मुलाच्या वजनाप्रमाणे आणि निघण्याच्या अर्धा-एक तास आधी. उलटी सुरू झाल्यावर दिलेली गोळी बाहेरच पडते. मोठ्यांची गोळी अर्धी करून मुलाला द्यायची पद्धत थांबवा. आपल्याकडे प्रवासाला सर्रास घेतल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत प्रोमेथाझिन असतं, आणि दोन वर्षांखालच्या मुलांना ते देऊच नये, त्याने श्वास मंदावू शकतो. कुठलंही झोप आणणारं औषध “प्रवासात शांत राहील” म्हणून देणं तर चुकीचंच आहे.

उलटी होणारच असं धरून तयारी ठेवा. झाकणाचा प्लास्टिकचा डबा, जुने पंचे, कोमट पाण्याची बाटली आणि कपड्यांचा एक जोड हाताशी, डिकीत नव्हे. उलटी झाली की रागावू नका, मूल आधीच घाबरलेलं असतं. गाडी रस्त्याच्या कडेला नाही, पेट्रोल पंपावर किंवा हॉटेलच्या आवारात घ्या. मुलांना नेहमी डाव्या दारानेच उतरवा, आणि मागच्या दारांचं चाइल्ड लॉक निघतानाच लावलेलं असू द्या. दहा-पंधरा मिनिटांनी चमच्या-चमच्याने पाणी. उलट्या वारंवार झाल्या तर ओआरएस. तेसुद्धा औषधाच्या दुकानातलं, जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे असं पाकिटावर लिहिलेलं, आणि पाकिटावर सांगितलं असेल तेवढ्याच पाण्यात. खोक्यातली गोड फळपेयं त्याची जागा घेऊ शकत नाहीत. पाकीट मिळालंच नाही तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

खाणं, ऊन आणि नद्या

डब्याचं मला फारसं नवं सांगायचं नाही, आपल्या आज्यांनी ते सोडवून ठेवलेलं आहे. दुधात भिजवलेल्या दशम्या, गुळाच्या पोळ्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, राजगिऱ्याचे लाडू, चुरमुरे. मेच्या उकाड्यात दहीभात आणि ओल्या खोबऱ्याची चटणी मात्र दुपारपर्यंत आंबते, ती नको. चालत्या गाडीत शेंगदाणे, चणे, अख्खी द्राक्षं लहानग्यांच्या हाती देऊ नका. खड्ड्यात गाडी आदळली की दाणा घशात अडकतो आणि पुढे बसलेल्याला ते कळतही नाही.

मुलाला बंद गाडीत एकटं सोडून चहा प्यायलाही उतरू नका. उन्हात उभ्या गाडीतलं तापमान दहा मिनिटांत साधारण दहा अंशांनी चढतं, आणि लहान मुलाचं शरीर मोठ्यांच्या तीन ते पाच पट वेगाने तापतं. काच दोन बोटं खाली ठेवल्याने काही साधत नाही. झोपलेलं असलं तरी उचलून घ्या. थांबून निघताना सीटचा बक्कल हाताने चाचपडून बघा, तो उन्हात तापून कातडीला चटका देतो.

करमणुकीसाठी हा रस्ता फार उदार आहे. पनवेलहून दक्षिणेकडे जाताना तुम्ही एकामागून एक नद्या ओलांडता: खारपाड्याला पाताळगंगा, नागोठण्याला अंबा, कोलाडला कुंडलिका, महाडला सावित्री, खेडला जगबुडी, चिपळूणला वाशिष्ठी, संगमेश्वरला शास्त्री. सगळ्या सह्याद्रीकडून येतात आणि पश्चिमेला समुद्राकडे जातात. मुलांच्या हातात ही यादी द्या, पूल आला की नाव ओरडायचं आणि पाणी कुठून कुठे वाहतं ते सांगायचं. पाच वर्षांचं मूलसुद्धा दोन पुलांनंतर पुढच्याची वाट बघू लागतं. दुसरा खेळ नंबरप्लेटचा: एमएच ०४ ठाण्याची, ०६ पेणची, ०८ रत्नागिरीची, ०९ कोल्हापूरची. रत्नागिरीच्या पाट्या वाढायला लागल्या की गाव जवळ आलं हे मुलांना आपोआप कळतं, आणि “अजून किती वेळ” कमी होतं. मधेमधे कोकण रेल्वेचा पूल किंवा बोगद्याचं तोंड दिसलं तर गाडी शोधा. खेळ डोळे बाहेर ठेवणारे आहेत, म्हणजे गाडी लागण्यावरही तोच उपाय झाला.

निघण्याआधी टायरमधली हवा गार असताना तपासा, स्टेपनीतलीही. १०८ रुग्णवाहिकेसाठी, ११२ कुठल्याही संकटासाठी आणि १०३३ राष्ट्रीय महामार्गावरच्या मदतीसाठी, हे तीन आकडे गाडीत लिहून चिकटवा.

कार्यालयात

यजमानांना फोन करून दोन गोष्टी मागा, संकोच करू नका. एक, वाजंत्री आणि स्पीकरपासून लांब अशी एक खोली, जिथे मुलं झोपू शकतील. दोन, अकरा-साडेअकराला मुलांसाठी आचाऱ्याकडून बिनतिखटाचं वरण आणि मऊ भात. साडेबाराचा मुहूर्त म्हणजे पहिली पंगत दीडच्या आधी बसत नाही, आणि रोज बाराला जेवणारं मूल तोवर जिलबीच्या पाकावर आणि थंड पेयांवर निभावतं. लग्नघरात पाचजणांची मुलं असतात, ही सोय झाली की सगळ्याच आया तुम्हाला दुवा देतात.

कपडे शेवटच्या अर्ध्या तासात घालायचे. परकर-पोलक्याची जर किंवा शेरवानीची किनार टोचते, आत सुती बनियन हवंच. नंतर लगेच साधे कपडे. फोटोपुरता थाट पुरे.

तुमची लेक करवली म्हणून उभी राहणार असेल, किंवा मुलाने अक्षता वाटायच्या असतील, तर त्याला आधी घरी नीट सांगा: मध्ये अंतरपाट धरतात, मंगलाष्टकं चालतात, शेवटी मोठ्याने वाजंत्री वाजते, तेव्हा दचकायचं नाही. आठवडाभर घरात खोटं-खोटं लग्न लावून बघितलेली मुलं मांडवात बावरत नाहीत. आणि ऐनवेळी ती उभी राहिली नाही तर बळजबरी करू नका, दुसरी चुलतबहीण असतेच. मुलांनी लग्न आनंदाने बघावं यासाठी आपण त्यांना एवढ्या लांब नेतो. त्यांच्याकडून मान राखून घेण्यासाठी नव्हे.

गर्दीत मूल हरवण्यापेक्षाही कार्यालयाच्या आवाराची भीती मोठी आहे. बरीच कार्यालयं रस्त्यालगत असतात, अंगणात गाड्या मागेपुढे होत असतात, आणि पाठी घेणाऱ्याला तीन फुटांचं मूल दिसत नाही. सगळे नातलग लक्ष देताहेत या भरवशावर राहू नका. तासातासाची पाळी लावा: अकरा ते बारा बाबा, बारा ते एक मावशी. ज्याची पाळी त्याने त्या तासात फोटोलाही जायचं नाही. सकाळीच मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो काढून ठेवा, आणि मनगटावर पेनने तुमचा फोन नंबर लिहा.

मुक्काम गावातल्या घरी असेल तर पोचल्याबरोबर घराला एक फेरी मारा. विहिरीचा कठडा किती उंच आहे ते बघा, परसात सोलायला पडलेल्या काजूबिया मुलांच्या हाती लागणार नाहीत असं करा. कच्च्या बीच्या टरफलातला चीक ओठ आणि हात भाजून काढतो. कोकणात लाल विंचूही असतो. चपला-बूट झटकून घालायचे, सरपणाच्या ढिगात हात घालायचा नाही, अंथरूण भिंतीपासून जरा लांब. विंचू चावल्यावर मुलाला दरदरून घाम आला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले, तर घरगुती उपायांत एक मिनिट घालवू नका, तडक आरोग्य केंद्र गाठा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिन या औषधाचा वापर रुजवल्यापासून वेळेत पोचलेली बहुतेक मुलं वाचतात. जवळचं सरकारी दवाखान्याचं ठिकाण यजमानांना पहिल्याच संध्याकाळी विचारून घ्या.

परत येताना

सगळ्यात जास्त सांभाळायचा प्रवास हाच. लग्न लागलं, पंगत उठली, चार वाजले, आणि “आत्ता निघालो तर रात्री घरी” असं कोणीतरी म्हणतं. पोटात मसालेभात आणि मठ्ठा, दोन रात्रींची अपुरी झोप, आणि पुढे अंधारातला घाट. निघू नका. रात्री थांबा, दुसऱ्या दिवशी पहाटे निघा. सोमवारची शाळा सुटीतच आहे, ऑफिसला एक निरोप पाठवा. मुलांनाही लग्नघराचा हा दुसरा दिवस हवा असतो: मांडवाखाली चुलतभावंडांबरोबर खेळायला खरा वेळ तेव्हाच मिळतो.

परतीला सीटचे पट्टे पुन्हा तपासा, कारण मधल्या दोन दिवसांत कोणीतरी ती सीट काढून आंब्याच्या पेट्या आणायला गाडी नेलेली असते. आणि निघताना काकू प्रेमाने पिकलेला फणस, सुकी मासळी, नारळाचं पोतं देतील. नारळ घ्या, डिकीत तळाशी बांधून. फणस तिथेच कापून गरे हवाबंद डब्यात भरा, सुकट वर्तमानपत्रात आणि दोन पिशव्यांत घट्ट गुंडाळा किंवा मागून एसटीने येणाऱ्या कोणाकडे द्या. बंद गाडीत या दोन वासांनी घाटाआधीच मुलांना मळमळायला लागतं, आणि ज्या मुलाला येताना गाडी लागली नव्हती त्यालाही जाताना लागते.